चौथी गिटार

११ जानेवारी

प्रिय मामा,

सलाम.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानेच लावतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. मागच्या खेपेला मी म्हणाले, "माझ्याकडे चार गिटारवाले झालेत," आणि तू मामीला सांगितलंस की मला चार स्थळं आली आहेत. मामीचा फोन आला तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. हसता हसता त्याच्या डोळ्यात काडी जायची राहिली.

स्थळं नाहीत, गिटारवालेच आहेत. तू लेकीकडे राहायला जाताना चर्चचा बँड माझ्या गळ्यात घातलास, तेव्हा तीन होते. आता चार. दातांचे डॉक्टर तुझ्या वेळचेच, ड्रमशेजारी कोपऱ्यात उभे. पाळकसाहेबांचा मेहुणा तर आहेच. तो डॉक्टरांसारखंच वाजवतो, फक्त दुप्पट जोरात. तिसरा बँकेतला, ज्याला आम्ही कारंजं म्हणतो. गीतात श्वास घ्यायला जागा सापडली की तो तिथे सुरांचं कारंजं उडवतो. पाळकसाहेब प्रार्थनेत थोडे थांबले की मला धडकी भरते, आता हा तिथेही उडवणार. आणि चौथी नवीन, गाडी शिकवणारी ताई. ती शहाणी आहे. परवा सरावात म्हणाली, "सगळे एकाच लेनमधून चाललेत, आणि इंडिकेटर कोणीच देत नाही."

अगदी तसंच आहे. चारही जण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हात थांबवत नाहीत. शब्द ऐकू येत नाहीत. मागच्या रविवारी एक आजी मला म्हणाल्या, "देवाला ऐकू जातं गं, आम्हालाही थोडं जाऊ दे."

कोणाला बसवू? मेहुण्याला बसवलं तर पाळकबाई बोलायच्या बंद होतील. कारंज्याला बसवलं तर तो रुसेल. म्हणून डॉक्टरांना थोडं कमी वाजवायला सांगावं असं मनात आहे. ते समजूतदार आहेत. पण तुझे जुने मित्र, म्हणून तुला विचारते.

आईची खालची अक्कलदाढ डॉक्टरांनीच काढली. तसं बरं आहे, पण खालचा ओठ अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणतात, उतरेल हळूहळू.

मामीला नमस्कार. स्थळांचं खरं काय ते तिला सांग.

तुझी भाची


२० जानेवारी

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

स्थळांचं मामीला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. ती म्हणते, चारातला एखादा असेलच.

आता गिटारींचं ऐक. चार जण एका वेळी बोलायला लागले तर कोणाचंच कळत नाही, एवढं तुला दुकानातही कळतं. एकाने ताल धरायचा. दुसऱ्याने त्याच कॉर्ड वरच्या पट्टीत धरायच्या, म्हणजे दोघं एकमेकांच्या पायावर पाय देणार नाहीत. तिसऱ्याने ओळ संपल्यावर बोलायचं, ओळ चालू असताना नाही. आणि दर गीताला एकाने गप्प बसायचं, आळीपाळीने. कोण बसणार ते सरावाआधी सांगायचं, सर्वांसमोर, हसत. रविवारी सकाळी सांगितलंस तर तो अपमान होतो आणि शनिवारी सांगितलंस तर ती योजना होते. मेहुण्याला सांग की ताल धरणारा हाच बँडचा कणा, आणि कण्याने ओरडायचं नसतं. तो खूश होईल.

डॉक्टरला मात्र हात लावू नकोस. तो उभा राहतो तिथे उभा राहू दे, वाजवतो तसं वाजवू दे. तुझी गर्दी त्याच्यामुळे होत नाहीये, हे माझ्यावर विश्वास ठेवून मान. साउंडवाल्यालाही त्याबद्दल छेडत बसू नकोस. मिक्सरवर मी जे बसवून दिलंय ते तसंच राहू दे.

तुझ्या आईच्या ओठाची काळजी करू नकोस. डॉक्टरच्या हाताला गुण आहे. माझी तीन दाढांची कामं त्यानेच केली आहेत, अजून अक्रोड फोडतो.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

मामा,

काल सराव झाला. तू सांगितलंस तसं सगळं केलं. मेहुण्याला कणा म्हटलं, तो खरंच फुलला आणि आवाजही कमी केला. कारंज्याला ओळ संपेपर्यंत थांबायला सांगितलं. दोन गीतं तो हात खिशात घालून उभा होता, म्हणजे तेवढं तरी जमलं. मला वाटलं, बसली घडी.

मग म्हटलं, मागे जाऊन ऐकू या. कीबोर्ड सोडला, शेवटच्या बाकाशी जाऊन उभी राहिले आणि एकेकाला एक कडवं एकट्याने वाजवायला सांगितलं. मेहुणा, कारंजं, गाडीवाली ताई, तिघांनी वाजवलं. डॉक्टर म्हणाले, "माझं राहू दे, दवाखान्यातून थेट आलोय, बोटं आखडलीत." मी म्हटलं, बरं. मग सर्वांनी मिळून वाजवलं आणि मी डोळे मिटून एकेक गिटार शोधायला लागले.

तीनच सापडल्या.

डोळे उघडले तर डॉक्टर नेहमीसारखे मान डोलावत वाजवत होते, ओठ गीत म्हणत होते. मी साउंडवाल्याच्या टेबलाशी गेले. मिक्सरवर डॉक्टरांच्या चॅनलची, आवाज कमीजास्त करायची पट्टी पार तळाला होती आणि तिच्यावर जुनी, पिवळी पडलेली चिकटपट्टी लावलेली होती. मी म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "तुमच्या मामांचा हुकूम. हॉलमध्ये जाऊ द्यायचं नाही, फक्त त्यांच्या पुढच्या छोट्या स्पीकरमध्ये द्यायचं. चारेक वर्षं झाली."

तिथे खुर्ची होती, तिच्यावर बसले.

चार वर्षं, मामा. दर रविवारी तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येतो, तारा जुळवतो, उभा राहतो, वाजवतो, आणि त्यातलं काहीही कोणापर्यंत पोचत नाही. उपासना संपली की लोक त्यांना म्हणतात, "डॉक्टर, आज छान वाजवलंत." मीही म्हणाले आहे. मागच्याच रविवारी म्हणाले.

त्यांचं वाजवणं तुला आवडत नव्हतं तर तोंडावर सांगायचंस. तुम्ही शाळेपासूनचे मित्र. असं बाहुल्यासारखं कोणाला उभं करतात का? मला तुझा फार राग आला आहे आणि हा राग कुठे ठेवायचा ते कळत नाही, कारण बँडबद्दल मला जे काही येतं ते तूच शिकवलंयस.

पुढच्या रविवारी मी ती पट्टी वर करणार आहे. तुला काही सांगायचं असेल तर आधी सांग.

भाची


६ फेब्रुवारी

चि. भाचीस,

तुझं पत्र आज मिळालं आणि मी लगेच लिहायला बसलो. ती पट्टी वर करू नकोस.

तू समजतेस तसं नाहीये. हे मी त्याच्यावर लादलेलं नाही, त्याने मागितलेलं आहे. एका शनिवारी सराव झाल्यावर सगळे गेले आणि तो गिटारची पेटी बंद करत बसून राहिला. मग म्हणाला, "गाडीच्या दारात बोट सापडलं माझं. आता पूर्वीसारखं वाजत नाही. पण मला इथून खाली उतरायचं नाहीये. उभा राहीन, वाजवेन, फक्त बाहेर जाऊ देऊ नकोस. आणि बायकोला कळू देऊ नकोस, ही गिटार तिने दिली आहे." मी म्हटलं, बस, एवढंच ना. साउंडवाल्याला सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही.

माझ्या मते यात कोणाचं काही बिघडलं नाही. म्हातारपणी माणसाला उभं राहायला एक जागा हवी असते. तूही माझ्या वयाची होशील तेव्हा बघ.

तुझ्या रागाचं मला काही वाटत नाही. उलट बरं वाटलं की माझ्यामागे बँड अशा मुलीकडे आहे. पण पट्टी राहू दे.

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र आज, मंगळवारी, आलं. मी ते रविवारीच करून बसले आहे.

कसं झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझी मलाच संगती लागत नाही.

साउंडवाल्याला सकाळी सांगितलं की तिसऱ्या गीताला डॉक्टरांची पट्टी वर करायची. तो म्हणाला, "मामांना विचारलंत का?" मी म्हटलं, "हो, विचारलंय." विचारलं होतंच. उत्तर आलं नव्हतं, एवढंच. तिसरं गीत हळू आहे. बाकी तिघांना मी गप्प ठेवलं होतं. माझ्या डोक्यात फार सुंदर चित्र होतं, मामा. फक्त डॉक्टर, माझा कीबोर्ड, आणि लोकांना चार वर्षांनी ऐकू येणारी त्यांची गिटार. कडवं सुरू झालं आणि त्याने पट्टी वर केली.

जे ऐकू आलं त्याला वाजवणं म्हणता येणार नाही. डावा हात कॉर्ड बरोबर धरत होता, त्याचं काहीही बिघडलेलं नव्हतं. पण उजव्या हातातली पिकची चकती तारांवर तडतडत होती, पत्र्यावर खडे पडावेत तशी. एक झटका, मग नुसती थरथर, मग दोन ठोके एकदम. मोठ्या स्पीकरमधून, भरलेल्या हॉलमध्ये. लोकांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, वायर खराब आहे. कारंजं खाली वाकून वायर तपासायलाही लागलं.

डॉक्टरांनी स्वतःचा आवाज भिंतीवरून परत येताना ऐकला. मी त्यांच्याकडेच बघत होते. ते लगेच थांबले नाहीत. अजून दोन ओळी त्यांनी वाजवलं, बहुधा आता थांबेल, आता हात ताळ्यावर येईल असं वाटून. मग त्यांनी पट्टा डोक्यावरून काढला, गिटार स्टँडवर ठेवायला गेले तर ती दोनदा स्टँडला आपटली. गाडीवाल्या ताईने पुढे होऊन ती हातातून घेतली. ते बाजूच्या दाराने बाहेर गेले.

त्यांच्या बायको तिसऱ्या रांगेतून उठल्या, पण त्यांच्या मागे गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या. मी गीत कसंबसं संपवलं.

नंतर मागच्या खोलीत, जिथे आपण पुस्तकं ठेवतो, तिथे त्या मला भेटल्या. त्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसतात, पेशंटना वेळ देतात, हे तुला माहीत आहेच. त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?" मी जे माहीत होतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी कप हलतो. मी म्हणायची, थकलात. ते म्हणायचे, हो." मग म्हणाल्या, "काल सात पेशंट होते."

मामा, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तोपर्यंत गिटारचाच विचार करत होते. शपथ, एका क्षणासाठीही दुसरं काही डोक्यात आलं नव्हतं. तोच हात. पिक धरतो तोच हात ड्रिल धरतो. आणि आईच्या ओठाची बधिरता अजून उतरलेली नाही. ती जेवताना ओठ चावते आणि तिला रक्त आलेलं कळत नाही. मी समोर बसून तिला सांगते, आई, पूस.

आज तुझं पत्र वाचलं. गाडीच्या दारात बोट सापडलं, म्हणे. मी त्यांच्या बायकोला विचारलं. बोट कधीच, कुठल्याच दारात सापडलेलं नाही.

मी हे चांगलं केलं की वाईट, तूच सांग. मला दोन दिवस झोप नाही आणि दुकानात आज एकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला.

भाची


१७ फेब्रुवारी

चि. भाचीस,

पत्र मामीला वाचून दाखवायला लावलं, कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं मीच काहीतरी भलतं वाचतोय. तिने वाचलं तेव्हाही तेच होतं.

काय लिहू. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा राहून इतकी वर्षं वाजवलं. त्याने बोट म्हटलं, मी बोट मानलं. कोणतं बोट, हेही विचारलं नाही. मी त्याच्या हाताकडे कधी पाहिलंच नाही, कारण आवाज बंद झाल्यावर माझं काम संपलं होतं. मागच्या वर्षी माझ्या दाढेवर त्याने टोपी बसवली. काम करताना माझ्या हनुवटीवर त्याचा हात घट्ट टेकलेला असायचा. मला वाटायचं, किती आपुलकीने धरतो. आता कळतं की टेकू घेत होता.

रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात घोळते. त्याने मला बँडपुरतंच सांगितलं. गिटारची लाज वाटली म्हणून गिटार बंद करून घेतली. आणि सोमवारी सकाळी जाऊन दवाखाना उघडला. हे एकाच माणसाने कसं केलं ते मला समजत नाही, आणि तो माणूस मला पन्नास वर्षं माहीत आहे असं मी समजत होतो.

मी त्याला फोन केला. मला ऐकू येत नाही तर मामीला कानाला लावायला सांगितलं. त्याने उचलला, मामीचा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

तू चांगलं केलंस की वाईट, ते मी सांगू शकत नाही. तुला जे माहीत होतं त्यावरून केलंस. पण एक सांगतो. माझं पत्र वेळेवर पोचलं असतं तर तू थांबली असतीस, आणि तो आजही कोणाच्या तरी तोंडात हात घालून बसला असता. मी थांबवायला निघालो होतो. ते मला सोसत नाही.

तुझ्या आईला दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरकडे ने. उद्याच.

मामा


१६ मार्च

प्रिय मामा,

उशीर झाला, पण आधी सगळं घडू दे, मग लिहू, असं ठरवलं होतं.

आईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुईने टोचून टोचून पाहिलं आणि म्हणाले, तिथली नस दुखावली आहे. परत येईल किंवा येणार नाही. हे कोणाच्याही हातून होऊ शकतं, असंही म्हणाले. आईला ते पटलं. मला ना पटलं, ना खोडता आलं.

दवाखाना बंद आहे. दारावर फक्त "बंद" एवढंच लावलंय. त्यांच्या बायको एकेका पेशंटला फोन करून खरं कारण सांगताहेत. काही जण शिव्या देतात, त्या ऐकून घेतात. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांची तपासणी झाली आणि कंपवात निघाला. डॉक्टरांना बहुधा आधीच माहीत होता, नाव फक्त दुसऱ्याने उच्चारायचं बाकी होतं.

चर्चच्या मंडळीत दोन तट पडले. काही जण म्हणतात, मी भरल्या सभेत म्हाताऱ्या माणसाची शोभा केली. काही जण मला शाबासकी देतात, ते मला जास्त झोंबतं. पाळकसाहेब दोघांनाही सारखंच हो म्हणतात. बँडमध्ये तिघं उरले आणि गंमत अशी की आता कोणीच जोरात वाजवत नाही. कारंजं तर दोन रविवार जवळजवळ आटलंच होतं. मी विचारलं तर म्हणाला, "भीती वाटते. आपण ज्याच्या शेजारी उभे आहोत त्याचं काय चाललंय ते आपल्याला कळतच नाही." त्याला मी सांगितलं, वाजव बाबा, पण मधूनमधून बाजूलाही बघत जा.

काल संध्याकाळी डॉक्टर घरी आले. बायकोबरोबर. आधी कळवलं नव्हतं. मी दार उघडलं. आई आतून म्हणाली, "कोण आहे?" आणि मग बाहेर येऊन तिनेच पाहिलं.

बसले. मी चहा ठेवला. आईने कप भरताना त्यांचा अर्धाच भरला, न सांगता. त्यांनी तो पाहिला आणि घेतला नाही.

मग ते म्हणाले, "मोठे डॉक्टर म्हणाले असतील की हे कोणाच्याही हातून होऊ शकतं. ते खरं आहे. पण तुमच्या वेळी तसं झालं नाही. दाढ हलत नव्हती, मी जोर लावला आणि हात सरकला. मला त्याच क्षणी कळलं. तुम्ही गुळणी करून मला धन्यवाद म्हणालात."

त्यांच्या बायको खाली बघत होत्या. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

तुला माहीत आहे आई कशी आहे, साधी भांडी पडली तरी बोलते. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हात दाखवा."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत, जणू गोळी वळतोय. आईने त्यावर आपला हात ठेवला. प्रेमाने नव्हे, मामा. वाऱ्याने उडणारा कागद दाबून धरावा तसा, जोराने. तिच्या हाताखाली तो हलतच राहिला. तिचा हातही हलायला लागला, बांगड्या वाजायला लागल्या.

"थांबत नाही का?" तिने विचारलं.

"नाही. कामाला लागला की थोडा थांबतो. त्यावरच मी दिवस काढत होतो."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

आईला ओठाची एक बाजू जाणवत नाही आता, "प" म्हणताना हवा निसटते. तिने सावकाश, एकेक शब्द नीट लावत सांगितलं:

"मी दाढ दुसरीकडे काढली असती. आणि रविवारी तुमच्याशी बोलणं सोडलं नसतं. दोन्ही झालं असतं, डॉक्टर. आता माझ्याकडून दुसरं कधी होईल ते मला माहीत नाही."

तिने हात काढून घेतला नाही. तेही उठले नाहीत. मी दिवा लावायला उठले, तेव्हा बांगड्या अजून वाजत होत्या.

तुझी भाची